माझं कुटुंब, तुझी जबाबदारी

वहिनी, पुढची महामारी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून चार गोष्टी आत्ताच कानावर घालून ठेवतो. मागच्या वेळी तुमचं जरा चुकलंच. 24 मार्च 2020 ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि बाराला लागू झाली. मधले चार तास तुमच्या हातात होते. तुम्ही आणलंत काय, तर पीठ, बटाटे, तेल आणि सासूबाईंची बीपीची गोळी. स्वतःची गोळी विसरलात.

आणि सरकारचा हिशेब किती चोख होता! ‘माला-एन’ या सरकारी गर्भनिरोधक गोळीच्या पाकिटात 28 गोळ्या. त्यातल्या कामाच्या 21, उरलेल्या सात नुसत्या लोहाच्या. टाळेबंदीही नेमकी 21 दिवसांची. इतके गुण पत्रिकेतसुद्धा जुळत नाहीत. पुढे टाळेबंदी 3 मेपर्यंत गेली, मग 17, मग 31, आणि पाकीट काही वाढलं नाही, त्याला कोण काय करणार? अशा वेळी लोहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात. त्यांनी मूल थांबत नाही, पण रक्त वाढतं. पुढे लागणारच असतं ते.

आशाताईंकडे मागायचं तुमच्या मनात येईल. योजना आहे, 2011 पासून आहे: तीन निरोधांचं पाकीट एक रुपयाला, महिन्याच्या गोळ्या एक रुपयाला, दारात आणून. टाळेबंदीतही त्या दारोदार फिरल्याच. फक्त त्यांच्या हातात वही होती आणि कोण खोकतं, मुंबईहून कोण आलं, याची नोंद करायची होती. त्यांच्या कामात व्यत्यय आणू नये. घरपोच सेवा राज्यात अगदीच बंद होती असंही नाही. मे महिन्यात दारू घरपोच मिळू लागली होती.

मेडिकल मात्र उघडं होतं, हे मान्य करा. नाक्यावरच्या हवालदाराला तेवढं कारण सांगायचं. ‘कुठे चाललात?’ ‘औषध आणायला.’ ‘कसलं?’ इथे आवाज खणखणीत ठेवावा, पुढचा सराव होतो. दुकानासमोर खडूने गोल आखलेले असतात. आपल्या गोलात उभं राहायचं, तोंडावर मास्क, काउंटर सहा फुटांवर, मागच्या गोलात मामंजींचे भजनी मंडळातले मित्र.

‘निरोध द्या.’

‘निरोप? कोणाला?’

‘निरोप नाही हो. निरोध!’

तोवर तिन्ही गोल वळून बघतात. मग तुम्ही म्हणता, ‘खोकल्याचं द्या.’ आणि खोकल्याचं मागितलं म्हणून पुन्हा तिन्ही गोल मागे सरकतात. सामाजिक अंतर असं पाळलं जातं.

अंतरावरून आठवलं. ‘अंतरा’ नावाचं सरकारी गर्भनिरोधक इंजेक्शन असतं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्यासाठी दवाखान्यात जावं लागतं आणि दवाखाना कोविडमध्ये गुंतलेला. भिंतीभिंतीवर ‘अंतर ठेवा’ लिहिलेलंच होतं, तेवढ्यावर भागवायचं. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं असली तर हे जमतंच जमतं, फक्त इच्छाशक्ती हवी. र. धों. कर्व्यांना ही युक्ती सुचली नाही. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि आयुष्यभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

ऑपरेशनचं म्हणाल, तर शिबिरं बंद पडली. आता तुम्ही म्हणाल, महामारी सरल्यावर दादाच करून घेऊ दे की. वहिनी, पुरुषाची नसबंदी बिनटाक्याची असते, काही मिनिटांत होते, हे मलाही माहीत आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांच्या नसबंदीचा आकडा 37.9 टक्के आणि पुरुषांचा 0.3. त्या पॉइंट तीनमध्ये दादाला कुठे ढकलता? त्याला अशक्तपणा येतो. टाळेबंदीत एकदा भांडी घासली तर दोन दिवस कंबर धरून बसला होता.

एवढं करूनही दिवस राहिलेच, तर घाबरू नका. केंद्राने एप्रिल 2020 मध्येच गर्भपात अत्यावश्यक सेवांत घातला होता. कागद पक्का आहे. तालुक्याला जायला एसटी नव्हती, एवढंच. गोळ्यांनी होईल म्हणावं, तर आपल्याकडे बरेचसे मेडिकलवाले अन्न व औषध प्रशासनाच्या धाकाने त्या गोळ्या ठेवतच नाहीत. कायद्याने तेव्हा वीस आठवडे दिले होते. एसटी थांबली म्हणून आठवडे थांबत नाहीत, हे बायकांना कोणी शिकवायला नको.

मे 2020 मध्ये एफआरएचएस इंडिया या संस्थेने अंदाज काढला होता: देशातल्या अडीच कोटींहून जास्त जोडप्यांना साधनं मिळणार नाहीत आणि तेवीस लाखांवर नको असलेली गर्भारपणं वाढतील. अंदाजच तो. तुम्ही त्यात आहात की नाही हे तुम्हाला कळेलच.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली, तेव्हा आशाताई तुमच्याही दारात आल्या होत्या, आठवतंय ना? तुम्ही मोरीत ओकून नुकत्याच बाहेर आला होतात. त्यांनी कपाळावर ती बंदूक धरली, बोटाला चिमटा लावला.

‘ताप?’ ‘नाही.’

‘खोकला?’ ‘नाही.’

‘वास येतो ना?’

‘येतो हो. फार येतो. फोडणीचा तर नको नको होतो.’

वास न येणाऱ्यांचीच नोंद करायची होती. त्यांनी ‘निरोगी’ लिहिलं आणि शेजारची कडी वाजवली.