‘तेरा’ आलं म्हणून फोन विषारी होत नाही

पालख्या पुण्यात मुक्कामाला यायच्या आठवडाभर आधी एकदा आणि गणपतीत पुन्हा एकदा, फोनच्या नंबरावरून फोन अस्सल की घातक ते ओळखायला सांगणारा हा फॉरवर्ड माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाच्या नंबरवर येतोच. यंदा तिघांनी पाठवला: एक जुनं गिऱ्हाईक, एक मावसभाऊ, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरचे काका. काकांनी वर ‘अत्यंत महत्त्वाचे, सर्वांनी त्वरित करावे’ असं जोडलं होतं आणि तासाभरात अकरा जणांनी ते त्वरित केलंही होतं. म्हणजे आपापल्या फोनच्या आयएमईआयचा, फोनच्या पंधरा आकडी ओळख नंबराचा, फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. ते बघून मी हातातला चिमटा खाली ठेवला आणि हे लिहायला बसलो.

ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी फॉरवर्ड थोडक्यात. *#०६# दाबा, तुमच्या मोबाइलचा एकमेव नंबर दिसेल. त्यातला सातवा आणि आठवा आकडा बघा. ०० असेल तर फोन मूळ कारखान्यातला, अस्सल. ०८ किंवा ८० म्हणजे जर्मनी, बरा. ०२ किंवा २० म्हणजे अमिरातीत जोडलेला, हलका माल. १३ म्हणजे अझरबैजान, प्रकृतीला घातक. फोन चोरीला गेला तर हा नंबर खालच्या ई-मेलवर पाठवा, पोलिसांत जायची गरज नाही, सिम बदललं तरी २४ तासांत जीपीएसवरून फोन सापडेल. सगळी अ‍ॅप्स याच नंबरावरून तुमच्यावर पाळत ठेवतात, म्हणून महिन्याला एकदा रीसेट मारा, नंबर बदलतो. आणि नंबर हरवू नये म्हणून ग्रुपवर टाकून ठेवा.

नंबर जिवापाड जपा आणि दर महिन्याला बदला, हे दोन्ही एकाच फॉरवर्डमध्ये! असो, एकेक घेऊ.

‘एकमेव नंबर’

*#०६# हा कोड खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण दोन सिमच्या फोनला आयएमईआय दोन असतात, प्रत्येक सिमच्या जागेला एक. बरेच जण पहिली ओळ लिहून घेतात आणि फोन खिशात टाकतात. दोन्ही लिहा. त्याच पडद्यावर बऱ्याचदा सीरियल नंबर दिसतो, तो कंपनीचा. वॉरंटीच्या कामाला येतो, मोबाइल नेटवर्कला त्याच्याशी देणंघेणं नाही. ई-सिमवाल्या फोनवर ३२ आकडी ईआयडी असतो, तो त्या ई-सिमचा, वेगळा. सिमकार्डावर बारीक अक्षरात छापलेला, ८९९१ ने सुरू होणारा नंबर फोनचा नव्हेच, सिमचा. आणि ज्या टॅबला सिमच लागत नाही, नुसत्या वायफायवर चालतो, त्याला आयएमईआय नसतोच. मागच्या महिन्यात एक ताई नातवाच्या टॅबवर *#०६# कुठे दाबायचं ते विचारायला आल्या होत्या. फोनचं डायलच नाही त्यात, दाबणार कुठे! त्यांना सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’च्या पानावरून सीरियल नंबर काढून दिला.

फोन हातातून गेल्यावर हा फॉरवर्ड आठवला तर *#०६# चा उपयोग शून्य. तेव्हा नंबर खोक्यावर बघायचा किंवा बिलावर. खोकं रद्दीत गेलं असेल तर दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपलं गूगल खातं उघडून ‘फाइंड हब’मध्ये, म्हणजे गूगलच्या हरवलेला फोन शोधायच्या पानावर, जायचं, आपला फोन निवडून ‘आय’च्या खुणेवर टिचकी मारायची, तिथे आयएमईआय दिसतो. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. आयएमईआय फोनच्या आतल्या मुख्य बोर्डाबरोबर जातो. सर्व्हिस सेंटरला बोर्ड बदलून मिळाला असेल तर फोनचा नंबर वेगळा आणि खोक्यावरचा वेगळा असू शकतो. त्यामुळे बोर्ड बदलल्याची जॉबशीट फेकू नका, तीच तुमची पावती.

सातवा-आठवा आकडा

ही थाप निव्वळ हवेतून आलेली नाही, ती शिळी आहे. २००२ अखेरपर्यंत आयएमईआयमधले पहिले सहा आकडे मॉडेलच्या मान्यतेचे असत आणि पुढचे दोन खरोखरच शेवटची जोडणी कुठल्या कारखान्यात झाली त्याचे असत. मग ती पद्धत बंद करायची ठरली. मधल्या काळात त्या जागी सरसकट ०० घालत आणि एप्रिल २००४ पासून ते खातंच उडालं. आता पहिले आठ आकडे मिळून मॉडेलचा कोड होतो, पुढचे सहा त्या मॉडेलमधल्या एकेका नगाचे आणि पंधरावा पडताळणीचा.

आता पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला २००८ साली. म्हणजे जोडणीचा आकडा कधी ज्याच्या नशिबातच नव्हता, अशा फोनमध्ये लोक अझरबैजान शोधत बसलेत. तुमच्या फोनमध्ये सातव्या-आठव्या जागी १३ आलं तर तो मॉडेलच्या कोडचा एक तुकडा आहे, बसच्या तिकिटाच्या नंबरात १३ यावं तसा.

पहिल्या दोन आकड्यांना अर्थ आहे, पण तोही गुणवत्तेचा नाही. कोड ज्या संस्थेमार्फत दिला गेला तिची ती खूण. ३५ ब्रिटनमधली, ८६ चीनमधली, ९१ भारतातली. ‘मेड इन इंडिया’ छापलेल्या खोक्यावर ३५ ने सुरू होणारा नंबर मी रोज बघतो, त्यामुळे यावरूनही फोन कुठे बनला ते ठरवू नका.

आणि ‘प्रकृतीला घातक’ची काळजी असेल तर त्यासाठी वेगळा कोड आहे, *#०७#. बऱ्याच फोनवर त्याने ‘सार’ची माहिती येते, म्हणजे शरीर किती रेडिओ ऊर्जा शोषतं ते. आपल्याकडे सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. फोन कुठल्या देशात जोडला याचा त्या आकड्याशी संबंध नाही.

मग खरा-खोटा ओळखायचा कसा? काका दुसऱ्या दिवशी दुकानात आले तेव्हा बिलबुकाच्या पाठीवर पेन्सिलीने त्यांना पंधराव्या आकड्याची गंमत करून दाखवली. समजा पहिले चौदा आकडे १२३४५६७८९०१२३४ आहेत. एकाआड एक आकडा, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा असे, दुप्पट करायचे. उत्तर दोन आकडी आलं तर त्यातले आकडे एकमेकांत मिळवायचे: सहाचे बारा, बाराचे एक अधिक दोन तीन. असे दुप्पट केलेले येतात ४, ८, ३, ७, ०, ४, ८, बेरीज ३४. उरलेले १, ३, ५, ७, ९, १, ३, बेरीज २९. एकूण ६३. पुढच्या दशकाला, ७० ला, किती कमी? सात. म्हणजे पंधरावा आकडा ७ च हवा. काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच खिशातून स्वतःचा फोन काढला, दोन्ही नंबर करून बघितले, दोन्ही जुळले, आणि मला वाटतं त्या दिवशीचा चहा त्याच आनंदात त्यांनी पाजला.

पण बेरीज जुळली म्हणजे फोन खरा असं नाही, मी वर लिहिलेला नंबरही बेरजेत चोख बसतो. ही बेरीज लिहिताना झालेली चूक पकडते, लबाडी नाही. लबाडीसाठी सरकारी नोंद बघावी लागते. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम (KYM), मग जागा सोडून पंधरा आकडी नंबर लिहून १४४२२ वर पाठवा, किंवा ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तोच नंबर टाका. कंपनी आणि मॉडेल उत्तरात येतं. हातात एका कंपनीचा फोन आणि उत्तरात भलतीच कंपनी आली, की सेकंडहँडचा व्यवहार तिथेच थांबवायचा. नंबर आधीच ब्लॉक झालाय किंवा दुसरीकडेही चालू आहे, हेही तिथे कळतं. २०२० मध्ये मेरठ पोलिसांना एकाच आयएमईआयवर देशभरात १३ हजारांहून जास्त फोन चालू असल्याचं सापडलं होतं. तेव्हा नंबर ‘एकमेव’ असावा असा नियम आहे. प्रत्यक्षात तो असतोच, असं समजू नये.

ई-मेल करा, २४ तासांत सापडेल

फॉरवर्डमधला ई-मेल व्हीएसएनएलचा, म्हणजे जुन्या विदेश संचार निगमचा आहे. त्या कंपनीचं नावसुद्धा २००८ साली बदललं, एवढ्यावरून फॉरवर्डचं वय ओळखा.

जीपीएसचंही तसंच. जीपीएसचे उपग्रह फक्त सिग्नल पाठवतात, फोन ते ऐकून स्वतःची जागा काढतो. उपग्रहाला तुमचा फोन माहीत नसतो आणि आयएमईआय तर त्याच्यापर्यंत जातच नाही. आयएमईआय कळतो मोबाइल कंपनीला: फोन चालू होऊन टॉवरला जोडला की हा नंबर त्यांच्याकडे नोंदला जातो, सिम कुणाचंही असो. फॉरवर्डमधलं ‘सिम बदललं तरी’ तेवढं इथे खरं आहे. पण ती नोंद पोलीस कायद्याने मागवू शकतात. तुम्ही, मी किंवा ‘लोकेशन काढून देतो’ म्हणून पाचशे रुपये घेणारा कुणी पोरगा नाही. आणि टॉवरवरून परिसर कळतो, घराचा दरवाजा नाही.

‘पोलिसांत जायची गरज नाही’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण पोलिसांच्या कागदाशिवाय पुढचं काही हलत नाही. क्रम असा. आधी दुसऱ्या फोनवरून फाइंड हबमध्ये जाऊन फोन लॉक करा, मग सिम बंद करून घ्या आणि बँकेला कळवा. त्यानंतर तक्रार. फोन हिसकावला किंवा खिशातून काढला असेल तर ‘चोरी’ म्हणूनच लिहून घ्यायला सांगा. रिक्षात विसरला असेल तर ‘गहाळ’ची नोंद पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होते. वाकड, निगडीकडचे असाल तर लक्षात ठेवा, २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं आहे.

मग त्याच नंबरचं नवं सिम घ्या, कारण ओटीपी त्यावरच येणार. नव्या सिमवर पहिले २४ तास मेसेज बंद असतात, तेव्हा ओटीपी येत नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका. नंतर सीईआयआरवर, म्हणजे संचार साथीच्याच हरवलेल्या फोनच्या विभागात, दोन्ही आयएमईआय, तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र देऊन फोन ब्लॉक करायचा. यात २४ तासांचा आकडा येतो खरा, पण तो फोन ब्लॉक व्हायला लागणारा वेळ, सापडायला नव्हे. ब्लॉक केलेला फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. कुणी त्यात सिम घालून बघितलं की त्याची माहिती पोलिसांकडे जाते. काही जणांना फोन परत मिळतात, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. फोन मिळाल्यावर अनब्लॉक करायला विसरू नका. विसरलेले लोक ‘नेटवर्क येत नाही’ म्हणून माझ्याकडे बोर्ड तपासायला येतात.

अ‍ॅप्स आणि रीसेट

पाळत हा विषय खोटा नाही, नंबर चुकलाय. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून साध्या अ‍ॅपला आयएमईआय आणि सीरियल नंबर वाचताच येत नाही. जाहिरातवाले वापरतात तो ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी’, आणि तो सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग अ‍ॅड्समध्ये जाऊन पुसून टाकता येतो. अर्ध्या मिनिटाचं काम. ‘अँड्रॉइड आयडी’ नावाचा १६ अक्षरी आणखी एक नंबर असतो, पण अँड्रॉइड ८ पासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅप्सना तो वेगवेगळा दिसतो.

रीसेट मारल्यावर हे दोन बदलतात. आयएमईआय बदलत नाही. बदलतात ते तुमचे फोटो, म्हणजे जातात.

ग्रुपवर टाकून ठेवा

हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. चोरीच्या फोनचा नंबर ब्लॉक झाला की तो विकणाऱ्याला त्यावर एखादा चांगला, चालू नंबर चढवायचा असतो. असा नंबर त्याला कुठे मिळेल? दोनशे जणांच्या ग्रुपवर, फोटोसकट. तुमचा नंबर भलत्याच फोनवर चालू लागला तर चौकशीचा पहिला फोन तुम्हाला येईल. ‘नंबर मारून देता का’ असं विचारणारे वर्षातून चार-पाच जण माझ्या काउंटरवर येतात, अगदी साळसूद चेहऱ्याने. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मी त्यांना तेवढंच वाचून दाखवतो.

नंबर लिहायचाय ना, मग वहीत लिहा, किंवा बिलाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा.

काका ग्रुपचे अ‍ॅडमिन आहेत, त्यामुळे इतरांचे मेसेजही त्यांना उडवता येतात. परवा रात्री त्यांनी अकरापैकी नऊ फोटो उडवले. उरलेले दोन सूनबाईंचे आहेत, तिला आधी विचारतो म्हणाले.