खाली उडते म्हणून सुरक्षित? धोका नेमका खालीच आहे

जळगावच्या केळीपट्ट्यातल्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतोय. रावेर, यावल, चोपड्याच्या शेतकऱ्यांनी मिळून हेलिकॉप्टर भाड्याने घ्यावे, केळीच्या पानांवरच्या करपा रोगाची फवारणी दिवसात उरकावी, जिवाला धोका शून्य. कारणे चार: ते झाडांच्या डोक्यावरूनच उडते, म्हणून पडले तरी फार लागत नाही; इंजिन बंद पडले तरी पंखा फिरतो आणि ते अलगद उतरते; औषधाला माणसाचा हात लागत नाही; आणि २०२०मध्ये राजस्थानात टोळधाडीवर हे करून झाले आहे.

मजूर मिळत नाही, सालदार टिकत नाही, हे दुखणे माझेही आहे. पण धोका शून्य?

पहिले कारण सगळ्यात पटणारे आणि सगळ्यात चुकीचे. हजार मीटर उंचीवर विजेच्या तारा नसतात. तारा आपल्या वावरात असतात. वाढलेली केळी अडीच-तीन मीटर उंच. तिच्यावर तीन मीटर ठेवून उडायचे, म्हणजे जमिनीपासून सहा मीटर. अकरा केव्हीची लाइन किती उंचीवरून जाते? साधारण तिथूनच, आणि झोळ पडला असेल तर आणखी खालून. तार पेन्सिलीहून जेमतेम जाड, जुनी झाली की राखाडी. ताशी १०० किलोमीटर वेगाने हेलिकॉप्टर सेकंदाला २८ मीटर कापते. तार १०० मीटरवर दिसली तरी हातात साडेतीन सेकंद. म्हणून जाणते पायलट तार शोधत नाहीत, खांब शोधतात. आपल्याकडे तो खांब वारा अडवायला लावलेल्या शेवरीच्या झाडांआड उभा असतो. आणि ज्या तारेत हेलिकॉप्टर अडकले, ती पायलटला आधीपासून ठाऊक होती, असेही अशा अपघातांत वारंवार दिसते. दहा फेऱ्या चुकवलेली तार अकराव्या फेरीत विसरते. थकवा, उन्हाची तिरीप, नोझलकडे गेलेले लक्ष, एवढे पुरते.

दीपनगरच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या मोठ्या लाइनी निदान लांबून दिसतात. बांबूवर ओढलेली मोटारीची केबल आणि वीज चोरायला रात्री तारेवर टाकलेले आकडे यांचे काय करणार?

इंजिन बंद पडले तरी पंखा फिरतो, हे खरे. फक्त त्याला फिरवत ठेवायला खालून हवा लागते, आणि ती मिळायला हाताशी उंची तरी हवी किंवा वेग तरी. हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेत उंची आणि वेगाचा एक आलेखच असतो; त्यातल्या काही भागात इंजिन गेले तर सुखरूप उतरणे जवळपास अशक्य. फवारणी करणारा पायलट पट्टा संपला की नाक वर करतो, वेग कमी करतो, वळतो. टाकी भरलेली असताना, जमिनीजवळ, दर वळणाला तो त्या भागाच्या कडेला जाऊन येतो. त्यात आपली हवा. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरवर, पण ४५ अंशांच्या उन्हात हेलिकॉप्टरला इथली हवा महाबळेश्वराच्या उंचीइतकी विरळ लागते. मे महिन्यात करप्यासाठी कोणी फवारत नाही, मान्य. पण ३२ अंशांच्या उकाड्यातही ती नऊशे मीटरवरच्यासारखीच. ताकद कमी, वजन तेवढेच.

हात लागत नाही म्हणे! टाकी भरतो कोण? पंखा फिरत असतानाच औषध भरायची घाई असते, आणि मागचा छोटा पंखा वेगात दिसतसुद्धा नाही. शिवाय हेलिकॉप्टर पाणी कमी नेते, म्हणून द्रावण दाट. आपण पंपाने एकरी दोनशे लिटर मारतो. राजस्थानात टोळधाडीवर बाडमेरहून उडालेल्या बेल २०६ हेलिकॉप्टरची टाकी २५० लिटरची, आणि ती २५ ते ५० हेक्टरला पुरायची. म्हणजे हेक्टरी पाच-दहा लिटर. टोळांचे औषध वेगळे असते हे धरूनही, बादलीत काठी फिरवणाऱ्याच्या हाती काय येते ते समजा. यवतमाळला २०१७मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसे गेली. तिथे हेलिकॉप्टर नव्हते, पण औषध अंगावर कसे येते ते तिथे दिसले.

राहिले राजस्थान. ते वाळवंट होते, तारा आणि वस्ती विरळ. आपल्या राज्यात सरासरी धारणा १.३४ हेक्टर, एका फेरीत वीस जणांचे बांध, दोन विहिरी, एक शाळा. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरने एंडोसल्फान मारले, त्याचे भोग तिथली गावे अजून भोगतायत. पंख्याचा वारा औषध खाली दाबतो, हे हळू उडताना. वेग घेतला की पात्यांच्या टोकाचे भोवरे बारीक थेंब वर उचलतात.

परदेशात रोज चालते, असेही कोणी त्या संदेशाखाली लिहिले आहे. चालते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१३ या एकाच वर्षी शेतीकामातले ७८ हवाई अपघात तपासले, विमाने-हेलिकॉप्टर मिळून. त्यांतले ९ जीवघेणे होते.

ड्रोनही तारेत अडकतो. पण त्यात माणूस बसलेला नसतो, आणि टाकी दहा-एक लिटरची असते.

तरी हेलिकॉप्टर आणायचेच असेल, तर १९७१च्या कीटकनाशक नियमांत हवाई फवारणीचा स्वतंत्र नियम आहे: गावाला चोवीस तास आधी सूचना, गुरे-माणसे बाहेर, धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय, पायलटला विषबाधेचे प्रशिक्षण. संदेशात यातले एक अक्षर नाही. आमच्या शिवारातल्या आकड्यांचा नकाशा कोणाकडे असेल, तर तोही तिथेच टाकावा.