तेच तर वाजवतेयस, थांब ना जरा!

"तेच तेच तर वाजवतेयस, एक मिनिट थांबलीस तर काय बिघडलं?" हे वाक्य ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते माझ्या. बिघडतं! खूप बिघडतं!

आज सकाळचंच घ्या. तबल्यावर 'तिरकिट' हा बोल घोटत होते, मिनिटाला 60 मात्रांच्या धीम्या लयीत. पहिली दहा-पंधरा आवर्तनं नुसता हात तापण्यात गेली. तिसाच्या पुढे कुठेतरी कानाला लागलं की 'र' कच्चा पडतोय. तर्जनी किंचित उशिरा येते आणि तो 'कि'ला जाऊन चिकटतो. चौगुनीत, म्हणजे चौपट वेगात, हा बोल का फाटतो म्हणून महिनाभर डोकं फोडत होते, ते आज सापडलं. मनगट सैल सोडलं, बोट जरा जवळ ठेवलं आणि लागोपाठ तीनदा 'र' सुटा, स्वच्छ निघाला. चौथ्यांदा वाजवणार तेवढ्यात दार उघडलं. "चार्जर पाहिलास का गं?"

चार्जर! टेबलावर होता, समोर!

परत बसले तर 'र' पुन्हा चिकटलेला. मग पुन्हा पहिल्या आवर्तनापासून सुरुवात. वीस मिनिटांचा रियाज पाण्यात गेला आणि वर मलाच ऐकवलं, "एवढं काय चिडायचं त्यात?"

बाहेरच्याला वाटतं एकच गोष्ट चाललीय, पण वाजवणाऱ्यासाठी दोन आवर्तनं कधीच सारखी नसतात. डायना डॉइच या मानसशास्त्रज्ञ. 1995 मध्ये स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या बोलण्यावर काम करत असताना एक तुकडा त्यांच्याकडून लूपवर राहिला, आणि थोड्या वेळाने ते साधं बोलणं चक्क गाण्यासारखं ऐकू यायला लागलं. आवाज तसूभरही बदललेला नव्हता, ऐकणं बदललं होतं. पुन्हा पुन्हा केल्याने हे घडतं. मध्येच तोडलंत तर कसं घडणार?

आणि हीच माणसं पंधरा सेकंदांची एकच रील दिवसभर मोठ्या आवाजात लावून ठेवतात. ते तेच तेच नाही का? ती भिकार चाल माझ्या डोक्यात घुसते आणि मी समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायला गेले की मध्ये कडमडते. मी मागितली नव्हती ती! मला हवं ते घोटायला दहा मिनिटं सलग मिळत नाहीत, आणि नको ते मात्र फुकट घोटून घेतलं जातं माझ्याकडून.

हे फक्त तबल्याचं नाही. कुणी आकड्यांचा लांबलचक रकाना दुसऱ्यांदा तपासत असतं, कुणी एकच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचत असतं, पोर पाढे म्हणत असतं. त्यांनाच सगळे हाका मारतात, कारण ते 'नवीन' काही करत नाहीत ना! संशोधक सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये शोधनिबंध लिहून सांगितलंय की एका कामातून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. म्हणजे चार्जर शोधतानाही मी अर्धी तिरकिटातच असते आणि दोन्हीकडे अर्धवटच राहते. "एकच मिनिट" म्हणणाऱ्याने हा हिशोब कधी केलाय?

उद्या पुन्हा 60 वरच बसणार आहे. दाराला आतून कडी लावून. ज्याचा चार्जर त्याने शोधावा.