जुना फ्लॉपीवाला लॅपटॉप कबाडीला देण्याआधी

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या माणसांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: "घरात जुना फ्लॉपीवाला लॅपटॉप असेल तर त्याच्या नादी लागू नका. फ्लॉपीवरचं सगळं १० वर्षांत आपोआप पुसलं जातं. बॅटरी गेली म्हणजे मदरबोर्ड गेला. करून बघायचंच असेल तर यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आणा, कुठलीही फ्लॉपी घाला, डॉसच्या तीन फायली कॉपी करा. तरीही 'नॉन-सिस्टीम डिस्क' आलं तर मशीन खराब आहे, कबाडीला द्या." (फ्लॉपी म्हणजे माहिती साठवायची चुंबकीय चकती, डॉस म्हणजे विंडोजच्या आधीची संगणक चालवणारी प्रणाली.)

नागपुरात लक्ष्मीनगरला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू हा मेसेज वाचून काकांचा लॅपटॉप खरोखरच द्यायला निघाल्या होत्या. "देऊन देऊ का रे? बर्डीवर दुकानात दाखवला तर दुकानदार म्हणे बोर्ड गेला." तोशिबाचा टी ११०० प्लस, १९८६ सालचं मॉडेल. हार्ड डिस्क नाही, साडेतीन इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह. काका गेल्यापासून तो दिवाणात पडून होता, सोबत प्लॅस्टिकच्या डब्यात १९ फ्लॉप्या. मी तो घरी आणला, पंधरा दिवस त्याच्यावर खपलो आणि आता तो सुरू आहे. मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि त्याच्या भरवशावर लोक चालणारी यंत्रं भंगारात घालताहेत, म्हणून हे लिहितो आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. "नॉन-सिस्टीम डिस्क ऑर डिस्क एरर" हे वाक्य पडद्यावर आलं की मशीन खराब आहे, हा समज अगदी उलटा आहे. मशीन चालू केलं की रॉममधला (कायमच्या मेमरीतला) बायोस, म्हणजे मशीन उठवणारा प्रोग्राम, फ्लॉपीच्या पहिल्या ट्रॅकवरचा (गोल पट्ट्यावरचा) पहिला सेक्टर, म्हणजे पहिला तुकडा, वाचतो. तो असतो फक्त ५१२ बाइटचा. बायोस तो मेमरीत ठेवतो आणि पुढचा कारभार त्याच्या हाती देतो. डॉसमध्ये फॉरमॅट केलेल्या प्रत्येक फ्लॉपीवर, मग तिच्यात नुसती पत्रं का असेनात, या सेक्टरमध्ये एक छोटा प्रोग्राम असतो. तो डॉसची मूळ फाइल शोधतो आणि ती नसली तर हे वाक्य दाखवतो. म्हणजे वाक्य मशीनमधून येत नाही, ते त्या फ्लॉपीवर लिहिलेलं आहे! ते तुम्हाला दिसलं याचा अर्थ वीज पोचली, प्रोसेसर चालला, मेमरी शाबूत आहे, मोटर फिरली, ड्राइव्हमधल्या वाचणाऱ्या हेडने पहिला ट्रॅक वाचला आणि पडदाही जिवंत आहे. काकूंच्या मशीनमध्ये काकांची पत्रांची फ्लॉपी अडकून राहिली होती. मी पहिल्यांदा जेव्हा हे वाक्य पाहिलं, तेव्हा उठून काकूंना हाक मारली. अर्धी लढाई तिथेच जिंकली होती.

आता "डॉसच्या तीन फायली कॉपी करा". आयओ डॉट सिस, एमएसडॉस डॉट सिस आणि कमांड डॉट कॉम या तीन फायली लागतात हे खरं. पण नुसत्या कॉपी करून भागत नाही. पहिल्या दोन लपवलेल्या असतात, त्यामुळे साध्या कॉपीत त्या येतच नाहीत. लपवणं काढून कॉपी केल्या तरी जागा चुकते. ५१२ बाइटमधल्या त्या प्रोग्रामला आख्खी फ्लॉपी धुंडाळण्याची अक्कल नसते. जुन्या डॉसमध्ये त्याची अपेक्षा अशी की फ्लॉपीवरच्या फायलींच्या यादीतली पहिली नोंद आयओ डॉट सिसची असावी, दुसरी एमएसडॉस डॉट सिसची, आणि आयओ डॉट सिसचा मजकूर फ्लॉपीच्या डेटाच्या जागेत अगदी सुरुवातीला सलग पडलेला असावा. हे काम करणाऱ्या आज्ञा डॉसमध्येच आहेत: फॉरमॅट करताना 'स्लॅश एस' लावायचं, किंवा रिकाम्या फ्लॉपीवर 'सिस' चालवायचं. कमांड डॉट कॉमचा मजकूर मात्र कुठेही पडलेला असला तरी चालतं, फक्त ती त्याच डॉसची हवी.

आणि डॉस कोणता, हाही प्रश्न आहे. साडेतीन इंची ७२० केबी फ्लॉपी सर्वसाधारण डॉसला १९८६ मध्ये, ३.२ या आवृत्तीपासून कळू लागली. त्याआधीच्या २.११ वर ती चालायची ती कंपन्यांनी आपापल्या मशीनसाठी बदल करून घेतले होते म्हणून. विंडोज एक्सपीमधून 'स्टार्टअप डिस्क' बनवून घालणारेही भेटले. तिच्यावर विंडोज एमईचा डॉस येतो, त्याला निदान ३८६ प्रोसेसर लागतो आणि ती असते १.४४ एमबीची. टी ११०० प्लसमध्ये त्याहून जुना ८०सी८६ आहे. तिथे ती कधीच चालणार नाही, आणि लोक दोष मशीनला देतात. मी ३.३ वापरला. ६.२२ सुद्धा या प्रोसेसरवर चालतो, पण थोडक्या मेमरीतला बराच भाग खातो.

"कुठलीही फ्लॉपी घाला" हे वाक्य मी स्वतः खरं मानून चाललो होतो आणि त्यात माझे चार दिवस गेले. साडेतीन इंची फ्लॉपी हातात घेऊन बघा. एका कोपऱ्यात सरकणारा खटका असलेलं भोक असतं. ते उघडं असलं की फ्लॉपीवर लिहिता येत नाही. दुसऱ्या कोपऱ्यातही आरपार भोक असेल तर ती १.४४ एमबीची, तिथे कोरं प्लॅस्टिक असेल तर ७२० केबीची. दोन्हींत ८० ट्रॅक आणि दोन बाजू, पण एका ट्रॅकवर सेक्टर एकीत १८ आणि दुसरीत ९. आजचा ड्राइव्ह ते दुसरं भोक चाचपून ठरवतो की समोर काय आहे. १९८६ च्या ७२० केबी ड्राइव्हला १८ सेक्टरची फ्लॉपी वाचताच येत नाही. माझ्याकडे होत्या त्या सगळ्या १.४४ च्या.

भोकावर चिकटपट्टी लावली की ती ७२० केबीची होते, असंही सांगतात. साडेतीन इंचीत हे बरेचदा जमून जातं. दोन्ही प्रकारांच्या चुंबकीय थरात फरक आहे, पण थोडा: ७२० केबीच्या थरावर लिहायला साधारण ६०० ओर्स्टेड (चुंबकीय ताकदीचं माप) लागतात, १.४४ च्या थराला ७०० च्या वर. एक-दोन वेळा मशीन सुरू (बूट) करण्यापुरती अशी फ्लॉपी पुरते, जपून ठेवायचं काही तिच्यावर लिहू नका. सव्वापाच इंचीत मात्र हा फरक दुपटीचा आहे, ३०० आणि ६००, तिथे ही युक्ती लागू पडत नाही.

यूएसबी ड्राइव्हबद्दल एवढंच की फॉरमॅट कोणता करायचा हे त्याच्या आतलं सर्किट ठरवतं, तुमचा संगणक नाही. काही ७२० केबी घेतात, बरेच फक्त १.४४. मी शेवटी ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून पेंटियम मशीन दोन दिवस मागून आणलं. त्यात केबलने जोडलेला साधा फ्लॉपी ड्राइव्ह होता. खऱ्या ७२० केबीच्या फ्लॉपीवर डॉसमधूनच फॉरमॅट केलं आणि तीच फ्लॉपी टी ११०० ने पहिल्या दमात उचलली. तो ड्राइव्ह चालतो तेव्हा आधी एक लहानसा 'खर्र' आवाज येतो, हेड मागे पहिल्या ट्रॅकवर जाऊन टेकतं तेव्हाचा. मग टिकटिक सुरू होते. नुसती मोटर फिरतेय आणि टिकटिक नाही, असं असेल तर हेड सरकण्याची दांडी कोरडी पडलेली असते. जुनं घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं थेंबभर लावायचं, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने हलक्या हाताने पुसायचं.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. आतले निकेल-कॅडमियम सेल मेले तर त्या काळचे काही लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर लावूनही उठत नाहीत. बर्डीवरच्या त्या दुकानाने इथेच बोर्ड गेल्याचं सांगून टाकलं. नवे सेल जोडताच दिवा लागला. सेल गळले असतील तर हिरवट डाग व्हिनेगरने पुसा. आणि परदेशातून आलेला अ‍ॅडॉप्टर फक्त ११० व्होल्टचा असेल तर तो इथल्या २३० च्या प्लगात घालू नका, नाहीतर धडधाकट मशीनही तिथल्या तिथे जाईल.

राहिलं "१० वर्षांत आपोआप पुसलं जातं". काकांच्या फ्लॉप्या पस्तीस वर्षांच्या आहेत आणि बहुतेक वाचता आल्या. चुंबकीय नोंद अशी ठरल्या तारखेला उडत नाही. फ्लॉपी मरते ती दमटपणाने, धुळीने आणि बुरशीने, आणि आपल्या नागपुरात दमटपणा नुसता पावसाळ्यातच असतो असं नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना घरात कूलरची ओली हवा दिवसरात्र खेळते. काकूंचा दिवाण कूलरच्या बरोबर समोर होता. म्हणून कुठलीही जुनी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी पत्र्याची झडप बोटाने सरकवा, मागची धातूची चकती हळूहळू फिरवा आणि खिडकीच्या उजेडात तपकिरी पृष्ठभाग तिरका धरून बघा. पांढुरके, जाळीदार ठिपके दिसले तर ती बुरशी. तशी फ्लॉपी घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात.

टी ११०० प्लसच्या पडद्याला मागून उजेड नाही, म्हणून पत्रं वाचायला आम्ही मशीन गॅलरीत नेलं. काकूंनी पडदा स्वतःच मागेपुढे करून कोन बसवला, पहिली फाइल उघडली. "हे १९८९ चं," त्या म्हणाल्या, "पोरगी झाली तेव्हाचं." १९ पैकी १४ फ्लॉप्यांच्या प्रती आता दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. उरलेल्या पाचांवर ठिपके आहेत. त्या मी अजून ड्राइव्हमध्ये घातलेल्या नाहीत.