ईशनिंदेचा कायदा आरोपीला झुंडीपासून वाचवतो, हे खरं नाही

पाकिस्तानातल्या ईशनिंदा कायद्याचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. कायदा कडक आहे, पण तो आहे म्हणूनच आरोपी कोर्टापर्यंत पोचतो. नसता तर लोकांनी रस्त्यावरच निकाल लावला असता. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी सांगितल्या जातात: हे कलम मूळचं इंग्रजांचं, त्याखाली आजवर एकालाही फाशी झालेली नाही, आणि निर्दोष माणूस शेवटी सुटतोच.

इंग्रजांचं आधी बघू. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं 295-अ हे कलम 1927 मध्ये आलं, तेव्हा लाहोर आणि मुंबई एकाच राज्याखाली होती. त्यात 'जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने' ही अट आहे आणि मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंतची होती. भारतात ते आज न्याय संहितेच्या कलम 299 मध्ये आहे. पण आज ज्यावरून माणसं मरतात ते पैगंबरांच्या अपमानाबद्दलचं 295-क. ते लष्करशहा झिया-उल-हक यांच्या राजवटीत, 1986 मध्ये आलं. त्यात हेतूची अटच नाही; आडून केलेला उल्लेख, सूचकतेनं काढलेला शब्दसुद्धा पुरतो. शिक्षा मृत्युदंड किंवा जन्मठेप होती. 1990 मध्ये फेडरल शरीयत कोर्टानं (कायदे इस्लामला धरून आहेत का, हे तपासणारं कोर्ट) जन्मठेपेचा पर्यायही काढून टाकायला लावला. हे इंग्रजांच्या माथी मारता येत नाही.

आता मुख्य दावा. तो तपासायला 1986 च्या आधीचा काळ आहेच. 295-क नव्हतं तेव्हा अशा आरोपांचे खटले बोटांवर मोजण्याइतके होते आणि या कारणावरून झुंडीनं माणूस मारणं जवळपास ऐकिवात नव्हतं. पाकिस्तानी समाज तेव्हा कमी धार्मिक होता असं कोणी म्हणणार नाही. कायदा आल्यानंतर मात्र आरोप झालेल्यांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आणि त्यातले जवळपास निम्मे स्वतः मुसलमान आहेत.

आणि कायद्याच्या ताब्यात गेलेला माणूस तरी सुरक्षित असतो का? जुलै 2020 मध्ये पेशावरला एका आरोपीला भर कोर्टात, न्यायाधीशासमोर गोळी घातली गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये ननकाना साहिबला जमावानं पोलीस ठाण्यात घुसून कोठडीतल्या माणसाला बाहेर ओढून मारलं. सप्टेंबर 2024 मध्ये तर दोन घटना आठवडाभराच्या अंतरात घडल्या: क्वेट्टात एका पोलिसानंच ठाण्यात आरोपीला गोळी घातली, आणि सिंधमध्ये उमरकोटच्या एका डॉक्टरला पोलिसांनी बनावट चकमकीत मारलं. यातला प्रत्येकजण कायद्याच्या हातात होता.

माझ्या मते हा कायदा झुंडीला रोखत नाही, तिला मान्यता देतो. या शब्दांची शिक्षा मृत्यू आणि केवळ मृत्यू, असं राज्यच जाहीर करतं, तेव्हा दगड उचलणाऱ्याला आपण गुन्हा करतोय असं वाटत नाही. सरकार ढिलाई करतंय, ते काम आपण पुरं करतोय असं वाटतं. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना 4 जानेवारी 2011 रोजी त्यांच्याच अंगरक्षकानं, मुमताज कादरीनं मारलं. तासीर यांनी कायद्यावर टीका केली, म्हणजेच ईशनिंदा केली, असा बचाव कोर्टात झाला. कायद्यावर टीका करणं म्हणजे ईशनिंदा नव्हे, हे 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकालपत्रात लिहावं लागलं.

फाशी कोणाला झाली नाही, हे खरं आहे. पण त्याच्या आधारे कायदा निरुपद्रवी ठरवणाऱ्यांनी जुनैद हाफिझ यांचा खटला बघावा. मुलतानच्या बहाउद्दीन झकरिया विद्यापीठात शिकवणारा हा तरुण मार्च 2013 मध्ये पकडला गेला. त्यांचे वकील राशिद रहमान यांना कोर्टातच धमकी मिळाली, 'पुढच्या तारखेला तू नसशील.' मे 2014 मध्ये त्यांच्या कार्यालयात शिरून त्यांचा खून झाला. त्यानंतर वकील मिळेना आणि न्यायाधीश एकामागून एक बदलत गेले. हाफिझ वर्षानुवर्षं एकांत कोठडीत राहिले आणि डिसेंबर 2019 मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. न्यायाधीशांनी तरी का धोका पत्करावा? लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आरिफ इक्बाल भट्टी यांनी 1995 मध्ये अशाच एका खटल्यात आरोपींना सोडलं होतं. 1997 मध्ये त्यांची हत्या झाली. खालची कोर्टं शिक्षा देऊन मोकळी होतात ती या भीतीनं.

'निर्दोष सुटतोच' म्हणणारे आसिया बीबी या ख्रिस्ती मजूर बाईचं नाव घेतात. 2009 च्या जूनमध्ये शेतात पाणी पिण्यावरून झालेलं भांडण. फिर्याद पाच दिवसांनी. तिनं जमावासमोर कबुली दिली म्हणे, पण त्या जमावात किती लोक होते हे साक्षीदारांना एकसारखं सांगता आलं नाही. कोणी दोनअडीचशे म्हणालं, कोणी दोन हजार. हा पुरावा टिकणारा नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हणायला ऑक्टोबर 2018 उजाडलं. आठ वर्षं तिच्या डोक्यावर फाशी होती, आणि सुटल्यावर देश सोडून कॅनडा गाठावा लागला. खोटी फिर्याद करणाऱ्यांना काहीही झालं नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

शिक्षेची भीती नसली की आरोपांचा धंदा होतो, आणि झालाच. पाकिस्तानच्या राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या अहवालानुसार ईशनिंदेखाली 2020 मध्ये 11 जण तुरुंगात होते. 2024 च्या मध्यावर 767. बरेचसे तरुण, ऑनलाइन गटांत ओढून अडकवलेले. पंजाब पोलिसांच्या स्पेशल ब्रँचनंही अशा टोळीचा इशारा दिला होता.

कायदा उद्याच रद्द होईल असं तिथल्या सुधारकांनाही वाटत नाही. त्यांच्या मागण्या साध्या आहेत: 295-क मध्ये हेतू सिद्ध करण्याची अट घाला, मृत्युदंड काढा, खोट्या फिर्यादीला शिक्षा ठेवा. खासदार शेरी रहमान यांनी 2010 मध्ये अशा सुधारणांचं विधेयक आणलं होतं. तासीर यांच्या हत्येनंतर महिन्याभरात त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं ते सोडून द्यायला लावलं.