खुलासा: काउलिंगचं (इंजिनावरच्या आवरणाचं) तोंड मोठं कापल्याने इंजिन थंड होत नाही

मॉडेल विमानं उडवणाऱ्या सोलापूरकरांत सध्या एक मेसेज फिरतोय: 'आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, म्हणून काउलिंगचं पुढचं तोंड जमेल तेवढं मोठं कापा.' कृपया कापू नका. हवा आत येण्याइतकंच तिचं बाहेर पडणं महत्त्वाचं आहे. तापलेली हवा फुगते. मागची वाट अरुंद असेल तर ती आतच तुंबते आणि समोरची हवा काउलिंगला वळसा घालून निघून जाते. मागची वाट पुढच्या तोंडाच्या निदान दुप्पट, जमलं तर तिप्पट ठेवा.

शिवाय हवा सिलिंडरच्या फिन्समधूनच (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमधूनच) गेली पाहिजे. माझ्या विमानात ती बाजूच्या मोकळ्या जागेतून पळायची. बाल्साची पट्टी फिन्सच्या अगदी जवळ, न टेकवता बसवली आणि चढ घेताना इंजिनाचं दम टाकणं थांबलं.

इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुईही फार आवळू नका. ग्लो इंजिनात (मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनात) मिथेनॉलची वाफ होताना उष्णता शोषली जाते, इंधनातलं तेलही ती बाहेर नेतं. मिश्रण लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, की दोन्ही कमी पडतात. उन्हाळ्यात इंजिन कमाल फेऱ्या घेतं त्या जागेपासून सुई दोन-तीन क्लिक सैलच बरी.