गाडी रिकामी ठेवायची, ती वाडीसाठीसुद्धा

नमस्कार.

गडाच्या पायथ्याशी लावलेली गाडी कोणी फोडू नये म्हणून काय करावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. असे लेख मुंबईकरांना गावकऱ्यांकडे संशयाने बघायला शिकवतात. विमा असताना एका काचेसाठी एवढा घोर कशाला. आणि मुळात ट्रेकला जायचं तर लोकल-एसटीने जावं. पहिला आक्षेप मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

रायगड-ठाण्यातल्या कितीतरी गडांच्या पायथ्याला ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. तिथे गाडी फुटली की काय होतं, याचा विचार करा. गाडीवाला पोलिसांकडे जातो आणि चौकशी सुरू होते ती सगळ्यात जवळच्या वाडीपासून. चोर हायवेवरून बाइकने आला आणि पाच मिनिटांत निघून गेला असला, तरी बोलावणं जातं ते वाडीतल्या पोरांना. जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला इंग्रजांचा कायदा १९५२ साली रद्द झाला. चोरी म्हटली की गरीब वस्तीकडे बोट दाखवायची सवय मात्र अजून गेलेली नाही. म्हणून सीटवर लॅपटॉपची बॅग टाकून वर निघून जाणारा माणूस स्वतःबरोबर त्या वाडीलाही अडचणीत टाकतो. गाडीत काही ठेवू नका, असं मी म्हणते त्यात हेही आहे. ते लेखात मी पुरेसं ठळक लिहिलं होतं असं मला वाटतं, पण इथे पुन्हा लिहायला मला काहीच हरकत नाही.

आणि गाडीची राखण कोण करू शकतं, तर तेच लोक. निर्जन वळणावर, धबधब्याच्या आधी रस्त्याच्या कडेला लावलेल्या गाडीकडे बघणारं कोणी नसतं. बाजूच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या असतात, टोकदार घाव बसला की त्यांचा एका क्षणात चुरा होतो. पुढची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घातलेली असते, ती तडकते पण जागची हलत नाही. चोर तिच्या वाटेला जात नाही. बऱ्याच गाड्यांचा अलार्म दार उघडलं तरच वाजतो, नुसती काच फुटल्याने नाही. आणि वाजला तरी ऐकणार कोण? तीच गाडी एखाद्याच्या अंगणात, चुलीवर चहा ठेवलेल्या मावशींच्या नजरेसमोर असेल, तर कोणी परका तिच्याजवळ घुटमळला की लगेच हटकला जातो. त्यासाठी आधी घरात जाऊन विचारायचं, किती वाजेपर्यंत परत येणार ते सांगायचं, फोन नंबर द्यायचा-घ्यायचा, पैसे द्यायचे, आणि जमलं तर उतरल्यावर तिथेच जेवायचं. ग्रामपंचायतीची किंवा वनसमितीची पार्किंगची पावती असेल तर तीही घ्यायची. त्या पैशांवर घासाघीस करणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो.

आता विमा. काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणापोटीची रक्कम, कापला जात नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले १००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात, त्याहून मोठ्या गाडीला २०००. शिवाय नो क्लेम बोनस, जो २० टक्क्यांपासून वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो, तो वेगळं संरक्षण घेतलं नसेल तर एका क्लेमने शून्यावर येतो. एका छोट्या काचेसाठी हे सहसा परवडत नाही. गाडीतल्या सामानाला तर साध्या पॉलिसीत संरक्षणच नसतं, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. आणि समजा सगळे पैसे मिळाले, तरी जुलैमध्ये काच नसलेल्या गाडीतून, दाराला प्लॅस्टिकची पिशवी चिकटवून, मागे पोरं भिजत असताना माळशेज उतरून मुंबई गाठायची, ही भरपाई कोणती कंपनी देणार?

एका गोष्टीचा तर पैशांशी संबंधच नाही. आपल्यातले कितीतरी जण आरसी, म्हणजे घराचा पत्ता असलेलं गाडीचं नोंदणीपत्र, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात आणि घराच्या चाव्या सीटवरच्या बॅगेत. चोराला एकाच फटक्यात घराचा पत्ताही मिळतो आणि चावीही, वर आपण संध्याकाळपर्यंत डोंगरावर आहोत हेही त्याला माहीत असतं. डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांइतकीच ग्राह्य धरावीत, असं केंद्र सरकारने २०१८ मध्येच कळवलेलं आहे. मूळ आरसी घरी राहू दे. चाव्या सॅकच्या आतल्या कप्प्यात, चेन लावून. गाडीची चावीही तिथेच, झिपच्या पिशवीत, कारण रिमोटच्या चावीत पाणी गेलं की ती धड चालत नाही. चाकावर किंवा दगडाखाली चावी लपवणारे लोक मी बघितलेत. त्यांच्याकडे मी जशी बघत होते, तसं दुसरंही कोणी बघत असू शकतं.

शुक्रवारी ऑफिसातून थेट निघणाऱ्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. लॅपटॉप घरी किंवा ऑफिसात सोडा, नाहीतर वाटेत ठाण्या-कल्याणला कोणी नातेवाईक असतील त्यांच्याकडे. डिकीत टाकला म्हणजे सुरक्षित झाला, असं नाही. अनेक गाड्यांची डिकी ड्रायव्हरच्या सीटजवळच्या खटक्याने उघडते आणि मागची सीट आडवी होते, त्यामुळे एक काच फुटली की डिकीही उघडीच. त्यातून डिकीत काही ठेवायचंच असेल, तर आवराआवर शेवटच्या पेट्रोल पंपावर करा. पायथ्याला उतरून, सगळ्यांसमोर बॅगा सीटवरून डिकीत हलवणं म्हणजे माल कुठे आहे ते दाखवून देणं. परतीचे कोरडे कपडे साध्या कापडी पिशवीत खुशाल ठेवा. मोबाइलचा स्टँड, चार्जिंगची वायर, चिल्लर, गॉगल, यातलं काही बाहेरून दिसायला नको. दार लॉक केल्यावर हँडल हाताने ओढून बघा.

एवढं करूनही काच फुटलीच, तर कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढा आणि ११२ ला फोन करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कुठल्याही पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, मग हद्द कोणाचीही असो. तरी शक्य असेल तर स्थानिक ठाण्यातच जा, पंचनामा त्यांनाच करायचा असतो. आणि तिथे बोलताना, जे डोळ्यांनी बघितलं नाही ते सांगू नका. वाडीतल्या कोणाचं नाव अंदाजाने घेऊ नका.

लोकल-एसटीबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. माहुली गडाला आसनगाव स्टेशन आहे, पेब किल्ल्याला नेरळ आहे, तिथे गाडी काढायची गरजच नाही. पण सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतात, काळोख पडल्यावर एसटी मिळत नाही, आणि सांधण दरीजवळचं साम्रद किंवा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई अशा ठिकाणी मुंबईहून एका सुट्टीत एसटीने जाऊन येणं फार कठीण होतं. तिथे लोक गाडी नेणारच. त्यांच्यासाठीच तो लेख होता.

शेवटी तुम्ही विचारलंय की नाणेघाटाची वाट तर वस्तीपासून दूर, हायवेवरूनच सुरू होते, मग तिथे अंगण कुठून आणायचं? मी गाडी अलीकडे वैशाखरे गावात, ओळख काढून किंवा हॉटेलवाल्याला विचारून लावते आणि वाट फुटते तिथपर्यंत रस्त्याने चालत जाते. सोबत म्हातारं माणूस असेल तर सगळ्यांना वाटेशी उतरवायचं आणि ड्रायव्हरने एकट्याने गाडी गावात लावून परत यायचं. तो रस्ता ट्रकचा आहे, त्यामुळे उजव्या कडेने, एकामागे एक चाला, आणि अंधारात परतणार असाल तर हातात टॉर्च असू द्या.